समुद्राकाठच्या घरासाठी ओट्यात बसवायचे गॅस ग्रिल : टिकणारे कसे निवडावे

चाकांच्या गाड्यावरचे गॅस ग्रिल बिघडले, तर ते ढकलत बाजूला नेता येते आणि त्या जागी दुसरे आणून उभे करता येते. बाहेरच्या स्वयंपाकघराच्या ओट्यात पक्क्या बसवलेल्या ग्रिलला ही सोय नसते. त्याच्यासाठी ग्रॅनाइट कापलेले असते, विटांचे बांधकाम त्याच्या मापाने उभे राहिलेले असते आणि गॅसची नळी त्याच्या तोंडापर्यंत आणलेली असते. त्यामुळे ते बदलण्याची वेळ आली की गवंडी, फरशीवाला आणि गॅसवाला अशा तिघांनाही पुन्हा बोलवावे लागते. म्हणून अशा ग्रिलची निवड करताना दोन प्रश्न बाकी सगळ्यांच्या आधी विचारावेत. ते कोणत्या धातूचे आहे? आणि त्याचा जळणारा, झिजणारा प्रत्येक भाग ओटा न फोडता बदलता येतो का? बर्नर किती, नॉबमागचे दिवे कोणत्या रंगाचे, झाकण किती चकचकीत, हे सारे त्यानंतर.

ओट्यातले ग्रिल ही मुळात अमेरिकेतल्या परसदारांची वस्तू आहे आणि बहुतेक कॅटलॉग तिथली हवा, तिथला गॅस आणि तिथले नियम गृहीत धरून लिहिलेले असतात. अलिबाग, मुरूड, दापोली, गुहागर, मालवण ते गोवा या पट्ट्यात घर किंवा फार्महाऊस बांधणाऱ्यांसमोरची परिस्थिती वेगळी असते: वर्षभर खारी हवा, चार महिने धो धो पाऊस आणि सिलिंडरमधला एलपीजी. पुढचे विवेचन मुख्यतः या पट्ट्यासाठी आहे. परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी जिथे फरक पडतो तिथे तो नोंदवला आहे.

पहिली पायरी : पक्के ग्रिल खरोखर हवे आहे का

वर्षातून चार-पाच वेळा पाहुणे आल्यावरच जाळीवर काही भाजले जाणार असेल, तर पक्के ग्रिल घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या प्रतीचे गाड्यावरचे ग्रिल कमी खर्चात येते, पावसाळ्यात पडवीत ओढून ठेवता येते आणि पुढेमागे विकताही येते. न वापरलेले ग्रिल जास्त टिकते, हा समजही किनाऱ्यावर खोटा ठरतो. नियमित पेटवले जाणारे ग्रिल आतून कोरडे राहते. सहा महिने झाकून ठेवलेल्या ग्रिलच्या आत मात्र ओल आणि मीठ साचून राहते.

काय भाजायचे, हेही आधी ठरवावे. पापलेट, सुरमईचे तुकडे, बांगडे, कोंबडी, पनीर, कणसे आणि भरताची वांगी यांसाठी गॅस ग्रिल उत्तम आहे. धुराच्या वासासाठी तासन्‌तास मंद आचेवर ठेवायचे पदार्थ त्यावर जेमतेम जमतात. आणि रायगडातल्या पाहुण्यांना थंडीत पोपटी खायला घालायची असेल, तर भांबुर्ड्याचा पाला, मडके आणि शेतातला जाळ यांना पर्याय नाही. त्या कामासाठी लाखोंचे ग्रिल निरुपयोगी आहे.

दुसरी पायरी : ग्रिलआधी जागा आणि वारा पाहावा

ग्रिलच्या झाकणामागे, पाठीच्या बाजूला एक लांब फट असते आणि आतली तप्त हवा तिच्यातून बाहेर पडते. वारा पाठीकडून येत असेल, तर तो या फटीतून आत घुसतो आणि उष्णता पुढच्या नॉबच्या पट्टीकडे ढकलतो. मग नॉब हाताला चटका देतात, ठिणगी पाडणाऱ्या वायरी वितळतात, बर्नर विझतात, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. कोकणात दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. ग्रिल बहुधा संध्याकाळी पेटते, म्हणजे नेमके खारे वारे अजून वाहत असताना. त्यामुळे ग्रिलची पाठ समुद्राकडे असू नये. वारा समोरून किंवा बाजूने येईल असा ओटा आखावा. समुद्र पाहत स्वयंपाक करण्याची हौस असेल, तर ग्रिलच्या पाठीमागे भिंत किंवा कंपनीने दिलेली वाऱ्याची आडपट्टी लागेल, आणि त्या भिंतीपासून किती अंतर सोडायचे ते ग्रिलसोबतच्या पुस्तिकेतच पाहावे लागेल. हे अंतर प्रत्येक मॉडेलला वेगळे असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या ओट्याचे माप उपयोगी पडत नाही.

छपराबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. पावसापासून वाचवण्यासाठी ग्रिल छपराखाली ठेवले की गंजाची चिंता मिटली, असे वाटते. प्रत्यक्षात समुद्राकाठी पावसाने अधूनमधून धुऊन निघणारे स्टील बऱ्याचदा चांगल्या स्थितीत राहते आणि वळचणीखाली कधीच न धुतले जाणारे स्टील आधी डागाळते, कारण वाऱ्याने आणलेले मीठ त्यावर बसते ते बसतेच. छप्पर जरूर करावे, पण त्यासोबत ग्रिल गोड्या पाण्याने पुसण्याची जबाबदारीही येते. छपराखालील जागा किमान दोन बाजूंनी मोकळी असावी आणि छपराला लाकूड वा झावळ्या असतील, तर ग्रिलच्या वरचे अंतर अधिक काटेकोरपणे पाळावे.

तिसरी पायरी : धातू

या निवडीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त फसवणुकीचा भाग हाच आहे. दुकानात प्रत्येक ग्रिल ‘स्टेनलेस स्टील’चे असते. हे शब्द म्हणजे एकाच धातूचे नाव नव्हे. त्या नावाखाली निरनिराळ्या मिश्रधातूंचे एक मोठे कुटुंबच येते, आणि खाऱ्या हवेत त्यांच्या टिकाऊपणात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, न दिसणारा संरक्षक थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा भरून येतो. मिठातले क्लोराइड नेमका हाच थर भेदते. ३१६ या प्रतीत क्रोमियम आणि निकेलसोबत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि तेच क्लोराइडला अडवते. म्हणून बोटींचे भाग ३१६ मध्ये बनवतात. ४३० या प्रतीत क्रोमियम असते, पण निकेल जवळजवळ नसते. ती पुण्यातल्या बंद स्वयंपाकघरात ठीक, समुद्राकाठी नाही. सर्वांत सावध राहावे ते २०१ आणि २०२ या प्रतींपासून. त्यांत महागड्या निकेलचा बराचसा भाग काढून त्याऐवजी मँगनीज घातलेले असते. नवे असताना त्या ३०४ सारख्याच दिसतात आणि आपल्याकडच्या बाजारात त्या भरपूर आहेत.

लोहचुंबक घेऊन दुकानात जाण्याचा सल्ला बहुतेक जण देतात. तो अर्धाच बरोबर आहे. चुंबक घट्ट चिकटला तर पत्रा ४३० असण्याची शक्यता मोठी, हे खरे. पण चुंबक चिकटला नाही म्हणून पत्रा ३०४ आहे असे सिद्ध होत नाही, कारण २०१ आणि २०२ यांनाही तो चिकटत नाही. उलट खऱ्या ३०४ च्या पत्र्याला जिथे दाबून वाकवलेले असते, त्या कोपऱ्यावर चुंबक किंचित ओढला जाऊ शकतो. त्यामुळे चुंबकाचा उपयोग फक्त ४३० वगळण्यासाठी करावा. ३१६ ओळखण्यासाठी मॉलिब्डेनमचा रंगबदल दाखवणारे द्रव मिळते. त्याचा एक थेंब आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला टाकून पाहता येतो. मोठी खरेदी असेल, तर धातूचे घटक क्ष-किरणांनी मोजणारे हातातले यंत्र असलेला स्टीलचा व्यापारी गाठावा. काहीच शक्य नसेल, तर निदान बिलावर प्रत लिहून मागावी आणि ती भागागणिक मागावी: झाकण, आतली पेटी, बर्नर, जाळी आणि स्क्रू. विक्रेता झाकणाची प्रत उत्साहाने लिहून देतो आणि आतल्या पेटीपाशी अडखळतो, असा अनुभव आला तर उत्तर मिळाले असे समजावे.

मग किनाऱ्यावर ३१६ च घ्यावे का? घर लाटांच्या आवाजाच्या टप्प्यात असेल, तर बाहेरून दिसणारे भाग ३१६ चे असण्यासाठी जास्त पैसे मोजणे योग्य आहे. काही अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन कंपन्या समुद्राकाठासाठी अशी खास मॉडेल्स काढतात. घर खाडीपासून आत, डोंगराच्या आडोशाला असेल, तर चांगल्या जाडीचे ३०४ आणि नियमित निगा पुरेशी होते. लोणावळा, महाबळेश्वर, पाचगणी येथे पाऊस प्रचंड असला तरी हवेत मीठ नसते. तिथे ३१६ वर खर्च करण्याऐवजी ते पैसे बर्नरवर घालावेत.

जाडीकडे येऊ. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: १६ गेज म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, २० गेज म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही कमी. झाकण उघडून त्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे; पत्रा लवत असेल आणि सोडल्यावर टिकटिक आवाज करत असेल, तर तो उष्णतेने पुढे वाकडा होणार. दुहेरी पत्र्याचे झाकण बाहेरून कमी तापते आणि आतली उष्णता वाऱ्यातही टिकवते. पृष्ठभागाची निवडही महत्त्वाची आहे. खरखरीत रेघांच्या फिनिशमध्ये मीठ अडकते, गुळगुळीत फिनिशवर कमी अडकते. रेघा असतीलच, तर त्या उभ्या असाव्यात, म्हणजे पाणी खाली वाहून जाते.

शेवटी स्क्रू. उत्तम पत्र्याचे ग्रिल मुलामा दिलेल्या साध्या लोखंडी स्क्रूंनी जोडलेले असते आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर प्रत्येक स्क्रूखाली तांबूस ओघळ दिसू लागतात. शक्य तितके सांधे वेल्डिंगचे असावेत आणि उरलेले स्क्रू स्टेनलेसचेच असावेत.

चौथी पायरी : जाळ जिथे असतो तो भाग

बर्नर हा ग्रिलचा सर्वांत आधी संपणारा भाग आहे. वरून मांसाची चरबी आणि मिठाचे पाणी, आतून ज्योत, बाहेरून खारी हवा; अशा तिहेरी माऱ्यात पातळ पत्र्याची नळी दोन-तीन वर्षांत भोकांजवळून फाटते. नळीचे बर्नर घ्यायचे असतील, तर ते ३०४ चे आणि १६ किंवा १८ गेजचे असावेत. त्याहून टिकाऊ पर्याय म्हणजे ओतीव स्टेनलेसचे किंवा ओतीव पितळेचे बर्नर. ते महाग असतात, पण किनाऱ्यावर त्यांची किंमत वसूल होते. ओतीव लोखंडाचे बर्नर टाळावेत. बर्नर स्क्रू न फिरवता, किंवा फार तर एक खिळ काढून, वरून उचलून घेता येतो का, हे दुकानातच करून पाहावे. तो काढण्यासाठी सगळे ग्रिल ओट्यातून बाहेर ओढावे लागत असेल, तर पुढचे काहीही न पाहता ते मॉडेल सोडून द्यावे.

मांस झटकन लाल करण्यासाठी काही ग्रिलमध्ये सिरॅमिकच्या तप्त फरशीचा, म्हणजे इन्फ्रारेड, बर्नर असतो. त्याची आच प्रखर असते. परंतु तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा शिडकावा पडला तर ते तडकते, आणि कोकणात अवकाळी सर केव्हा येईल याचा नेम नाही. मासे भाजणाऱ्या घरात त्याची गरजही फारशी पडत नाही. सुरमईला इतकी आच मानवत नाही.

बर्नर आणि जाळी यांच्यामध्ये ठिबकणारे तेल अडवून उष्णता पसरवणाऱ्या पट्ट्या असतात. त्या झिजणारच, त्यामुळे त्या साध्या आकाराच्या असाव्यात. म्हणजे मूळ भाग मिळाला नाही तर गावातला फॅब्रिकेटरही ३०४ च्या पत्र्यातून तशाच कापून देऊ शकतो. हा निकष कुठल्याच कॅटलॉगमध्ये लिहिलेला नसतो, पण दहा वर्षांच्या हिशेबात तो अतिशय उपयोगी ठरतो.

जाळीसाठी ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या भरीव स्टेनलेस सळ्या उत्तम. सळी पोकळ आहे की भरीव, ते उचलल्यावर वजनातच कळते. क्रोमचा मुलामा दिलेली जाळी घेऊ नये, कारण मुलामा सोलून निघतो. इनॅमल चढवलेली ओतीव लोखंडाची जाळी आच छान धरते, मात्र इनॅमलचा एक टवका उडाला की तिथून गंज आत शिरतो.

पाचवी पायरी : आच आणि गॅस यांचा हिशेब

जाहिरातीत ‘६०,००० बीटीयू’ असा मोठा आकडा असतो. बीटीयू हे उष्णता मोजण्याचे एकक आहे. त्यात बहुधा पाठीमागचा शिगेवर भाजण्याचा बर्नर आणि बाजूची शेगडीही मोजलेली असते. आपण मुख्य जाळीखालच्या बर्नरचा ताशी आकडा वेगळा विचारावा आणि त्याला मुख्य जाळीच्या क्षेत्रफळाने भागावे. वरची, पदार्थ गरम ठेवण्याची फळी त्यात धरू नये. ६०० चौरस इंच जाळीला ताशी ४५,००० बीटीयू असतील, तर दर चौरस इंचाला ७५ बीटीयू पडतात. ७५ ते १०० च्या दरम्यानचा आकडा समाधानकारक समजावा. झाकण दुहेरी आणि पेटी घट्ट असेल, तर कमी आकड्यातही काम होते. पातळ पत्र्याच्या ग्रिलला जास्त आकडा लागतो, कारण निम्मी उष्णता बाहेर जाते.

आता हेच ४५,००० बीटीयू आपल्या सिलिंडरच्या भाषेत पाहू. ते साधारण १३ किलोवॉट होतात आणि सगळे बर्नर पूर्ण चालू असताना तासाला सुमारे एक किलो एलपीजी जळतो. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण आचेवर जवळपास १४ तास पुरेल. प्रत्यक्षात आच कमी-जास्त केली जात असल्याने तो त्याहून बराच जास्त चालतो. मुद्दा वेगळाच आहे. घरातल्या दोन बर्नरच्या शेगडीपेक्षा ही ओढ दुपटीहून अधिक असते आणि घरगुती रेग्युलेटर शेगडीच्या बेताने दिलेला असतो. तो इतका गॅस सलग पुरवू शकेल का, हे गॅस वितरकाला आकडा सांगून विचारावे. नाहीतर चारही बर्नर लावले की ज्योत खाली बसते आणि ग्रिलच खराब आहे असा ग्रह होतो. फार्महाऊस भाड्याने दिले जात असेल, तर घरगुती सिलिंडर तिथे वापरता येत नाही. १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावे लागतात आणि जोडणीही त्या हिशेबाने करावी लागते.

दाबाचा प्रश्न आयात केलेल्या ग्रिलमध्ये हमखास येतो. आपल्याकडे घरगुती एलपीजी शेगडीला सुमारे ३० मिलिबार दाबाने मिळतो आणि तो ब्यूटेन व प्रोपेनचे मिश्रण असतो. अमेरिकी ग्रिलचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक छिद्रांची तोंडे, शुद्धप्राय प्रोपेनसाठी आणि ११ इंच पाण्याच्या दाबासाठी, म्हणजे सुमारे २७ मिलिबारसाठी, छिद्रलेले असतात. त्यामुळे ग्रिलच्या माहितीपट्टीवर गॅसचा प्रकार आणि दाब काय लिहिला आहे ते वाचावे आणि ब्यूटेन-प्रोपेन मिश्रणासाठी ३० मिलिबारवर चालणारी आवृत्ती मागावी. युरोपच्या बाजारासाठी बनवलेल्या मॉडेल्समध्ये ती मिळते. मुंबई-पुण्यात पाइपच्या गॅसवर ग्रिल चालवायचे असेल, तर जेट पूर्ण बदलावे लागतात, कारण नैसर्गिक वायूचा दाबही कमी असतो आणि तेवढ्याच उष्णतेसाठी तो जास्त लागतो. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात घर असलेल्या वाचकांनाही हेच लागू आहे: घराला नैसर्गिक वायूची लाइन असेल, तर ग्रिल पहिल्यापासूनच त्या आवृत्तीचे मागवावे. जेट बदलण्याचे साहित्य काही कंपन्या देतात, काही देत नाहीत आणि काही ते बदलल्यास हमी रद्द करतात. तिथे बाहेर वापरायच्या गॅस ग्रिलसाठीच्या एएनएसआय झेड २१.५८ या अमेरिकी मानकाचे प्रमाणपत्र असलेले ग्रिलच घ्यावे. फ्लोरिडा किंवा गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर राहत असाल, तर धातूबद्दल वर लिहिलेले सगळे तुम्हालाही तंतोतंत लागू पडते.

ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी सोय प्रत्येक ग्रिलमध्ये नसते. ती आहे का, हे विचारावेच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे वाऱ्याने विझलेल्या बर्नरमधला गॅस वर उडून न जाता ओट्याच्या पोटात खाली साचतो. गाड्यावरच्या ग्रिलला चारही बाजू मोकळ्या असतात. पक्के ग्रिल एका पेटीत बंद असते. म्हणून पक्क्या ग्रिलसाठी ही सोय मी चैनीत धरत नाही. दोन मॉडेल्स इतर बाबतींत सारखी असतील, तर ती असलेलेच घ्यावे.

सहावी पायरी : ओट्याचे भोक

क्रम उलटा होऊ देऊ नये. ग्रिल प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय, निदान त्याचा मापांचा कागद हातात आल्याशिवाय, ग्रॅनाइट कापायला देऊ नये. ‘३६ इंची’ हे फक्त नाव असते. त्यासाठीच्या भोकाची रुंदी, खोली आणि उंची कंपनीगणिक वेगळी असते. ग्रिलचे वजन कडेच्या पट्टीवर पेलायचे की खाली आधार द्यायचा, हेही वेगवेगळे असते.

इथे पुढच्या वीस वर्षांचा विचार करावा. आज घेतलेले मॉडेल बंद होईल, हे गृहीत धरूनच ओटा बांधावा. ग्रिलच्या दोन्ही बाजूंचे ग्रॅनाइट एकसंध न ठेवता सुटे तुकडे बसवावेत, म्हणजे नव्या ग्रिलसाठी भोक मोठे करताना फक्त तेवढेच तुकडे बदलता येतील. भोक लहान करण्यासाठी स्टीलच्या पट्ट्या लावता येतात. मोठे करण्यासाठी मात्र हीच सोय लागते. अगदी वेगळ्या मापाचे, हौशी रुंदीचे ग्रिल टाळून ३० किंवा ३६ इंचांच्या प्रचलित गटातले घ्यावे, कारण त्यांच्या मापाजवळचे पर्याय पुढेही मिळत राहतात.

ओट्याच्या पोटाला हवा हवी. एलपीजीसाठी जमिनीलगत, समोरासमोरच्या बाजूंना जाळीदार झरोके ठेवावेत. नैसर्गिक वायू हलका असल्याने त्यासाठी ते वरच्या बाजूला लागतात. झरोक्यांचा आकार ग्रिलच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तो कमी करू नये. सिलिंडर ओट्यात ग्रिलच्या थेट खाली ठेवू नये. त्याच्यासाठी वेगळा, हवेशीर, जमिनीच्या पातळीवरचा कप्पा असावा. खड्डा किंवा तळघर अजिबात नको. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. रबरी नळी भिंतीतून ओवू नये. भिंतीतला भाग अधिकृत माणसाकडून तांब्याच्या नळीने करून घ्यावा आणि सुरक्षा पाइप फक्त शेवटच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या टप्प्यात वापरावा. उंदरांचा उपद्रव असेल, तर तिथे धातूच्या वेणीची नळी घालावी. ओट्याच्या सांगाड्यात लाकूड वापरले असेल, तर ग्रिलभोवती कंपनीचे उष्णतारोधक कवच लावावेच लागते. विटा आणि काँक्रीट असेल तर ते लागत नाही.

आणखी एक गोष्ट बांधकामाच्या वेळचीच आहे. फरशी बसवून झाली की कामगार सिमेंटचे डाग काढण्यासाठी लादी ॲसिडने धुतात. त्या ॲसिडच्या वाफांनी कोरे करकरीत स्टेनलेस काही दिवसांत तांबूस होते. तसेच शेजारी लोखंडी रेलिंग कापले किंवा घासले जात असेल, तर उडालेले लोखंडाचे कण स्टीलवर बसून गंजतात आणि तो गंज ग्रिलचाच वाटतो. त्यामुळे ग्रिल सगळ्यांत शेवटी, ॲसिड आणि ग्राइंडर दोन्ही आवारातून बाहेर गेल्यावर बसवावे.

सातवी पायरी : हमीचा कागद

‘आजीवन हमी’ या शब्दांवर समाधान मानू नये. हमी भागागणिक वेगळी असते: पेटीला मोठी, बर्नरला मध्यम, ठिणगीच्या यंत्रणेला एक-दोन वर्षांची. कागद वाचताना तीन वाक्ये शोधावीत. पहिले, गंजाबद्दलचे; ‘पृष्ठभागावरील गंज’ आणि ‘समुद्राकाठचा वापर’ बऱ्याचदा वगळलेले असतात. दुसरे, वापराबद्दलचे, फार्महाऊस किंवा होमस्टे भाड्याने दिल्यास तो व्यावसायिक वापर ठरून घरगुती हमी रद्द होऊ शकते. तिसरे, देशाबद्दलचे, परदेशातून स्वतः मागवलेल्या ग्रिलची हमी भारतात अनेकदा चालत नाही.

माझ्या दृष्टीने हमीपेक्षा सुट्या भागांची यादी अधिक बोलकी असते. विक्रेत्याला बर्नर, उष्णता पसरवणाऱ्या पट्ट्या, जाळी, गॅसचा व्हॉल्व्ह आणि ठिणगीचे इलेक्ट्रोड यांचे भाग-क्रमांक आणि आजच्या किमती लिहून मागाव्यात. जो देतो, त्याच्याकडे भाग आहेत. ग्रिल घेतानाच बर्नरचा एक संच, एक इलेक्ट्रोड आणि जेट जास्तीचे घेऊन ठेवावेत. आयात मालाच्या बाबतीत हा खर्च कधीच वाया जात नाही. ठिणगीची यंत्रणा साधी, बॅटरीवर चालणारी आणि काडीनेही बर्नर पेटवता येईल अशी असावी.

आठवी पायरी : पहिला दिवस आणि नंतरचे पावसाळे

बसवून झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून गळती तपासणारा माणूस आला, तर त्याला तिथूनच परत पाठवावे. नंतर झाकण उघडे ठेवून एकेक बर्नर लावावा. ज्योत निळी, स्थिर आणि बर्नरला धरून असायला हवी. टोकाशी किंचित पिवळेपणा चालतो. ज्योत बर्नरपासून उचलली जाऊन फुरफुरत असेल तर हवा जास्त आहे, आणि लांब, पिवळी, काजळी धरणारी असेल तर हवा कमी आहे. आच सारखी पसरते का, हे पाहण्यासाठी सगळी जाळी पावाच्या स्लाइसनी झाकून मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटे ठेवावी आणि मग सगळ्या स्लाइस उलटून पाहाव्यात. करपलेल्या आणि पांढऱ्या राहिलेल्या स्लाइस ग्रिलचा नकाशाच दाखवतात. एखाद्या कोपऱ्यात थोडा फरक असणारच. निम्मी बाजू थंड असेल, तर बसवणाऱ्याला त्याच दिवशी बोलवावे.

निगेत तीन गोष्टी पुरतात. वापर झाल्यावर, ग्रिल थंड झाले की बाहेरचा भाग गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने रेघांच्या दिशेने पुसून कोरडा करावा. समुद्राकाठी वापर नसला तरी हे आठवड्याला करावे. लोखंडी काथ्या, ब्लीच आणि बाथरूमचे ॲसिड कधीही वापरू नये. तेलाचा ट्रे प्रत्येक वापरानंतर रिकामा करावा, कारण ग्रिलला लागणाऱ्या बहुतेक आगी तिथूनच सुरू होतात.

जूनच्या आधी जाळ्या, पट्ट्या आणि बर्नर काढून, धुऊन, वाळवून, खाद्यतेलाचा पातळ हात फिरवून घरात ठेवावेत. रेग्युलेटर बंद करून सिलिंडर सोडवावा. कव्हर घालायचे तर ग्रिल पूर्ण कोरडे असताना आणि हवा खेळेल असेच घालावे. घट्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले ग्रिल आतल्या आत घाम धरते. उघडीप मिळाली की कव्हर काढून दोन-चार तास वारे लागू द्यावे.

पावसाळा संपल्यावर पहिल्यांदा पेटवण्यापूर्वी बर्नरच्या नळीचे हवा ओढणारे तोंड टॉर्च लावून पाहावे. तिथे कोळ्याचे जाळे किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घर असण्याची शक्यता दाट असते, आणि तसे असेल तर गॅस बर्नरमध्ये न जाता मागे, नॉबच्या पट्टीखाली पेट घेतो. नळी लांब, मऊ ब्रशने साफ करावी; भोके तारेने कोरून मोठी करू नयेत. मग सुरक्षा पाइपवर छापलेली तारीख पाहावी आणि पाच वर्षे होत आली असतील तर तो आधी बदलावा. साबणाच्या पाण्याने सांधे पुन्हा तपासावेत, झाकण पूर्ण उघडावे आणि मगच पहिला नॉब फिरवावा. पाच सेकंदांत बर्नर धरला नाही, तर नॉब बंद करून पाच मिनिटे थांबावे. गॅसचा वास आला, तर सिलिंडर बंद करून दूर व्हावे आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा.